आजच्या व्हिडिओ गेम्समध्ये जुन्यांइतकी खोली उरली नाही का?

कोरा नकाशा

चित्रं देखणी झाली, जग पसरलं, पण डोकं लावायचं काम कमी कमी होत गेलं असं माझं ठाम मत आहे. नुसतं मत मांडून उपयोग नाही, म्हणून एकच मालिका घेतो: एल्डर स्क्रोल्स, ज्यात आपलं पात्र घडवून मोकळ्या जगात फिरायचं असतं.

मॉरोविंडमध्ये (२००२) २७ कौशल्यं होती. ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) २१ राहिली, स्कायरिममध्ये (२०११) १८. ताकद, बुद्धी, चपळाई हे मूळ गुण तर स्कायरिमने काढूनच टाकले. पण आकड्यांपेक्षा मला वाट शोधण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मॉरोविंडमध्ये काम सांगणारा माणूस तोंडी रस्ता सांगतो: अमुक पूल ओलांड, नदीकाठाने उत्तरेला जा, फाटा लागला की उजवीकडे वळ. ते रोजनिशीत लिहिलं जातं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. फाटा चुकला तर चुकला. ऑब्लिव्हियनपासून होकायंत्राच्या पट्टीवर खूण येऊ लागली आणि खेळाडू जगाकडे बघायचं सोडून त्या पट्टीकडे बघत चालू लागला.

तुम्हाला काय वाटतं? कृपया नेमकी उदाहरणं द्या. "आमच्या वेळची मजाच वेगळी" यावर चर्चा पुढे जात नाही.

सोंगटी

वाट शोधण्याबद्दल सहमत, कौशल्यांच्या संख्येबद्दल नाही. गुंतागुंत आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धिबळात सहाच प्रकारची मोहरी असतात, 'गो'मध्ये तर एकच. नियम मोजके, पण त्यातून निघणारे परिणाम संपत नाहीत, त्याला मी खोली म्हणते.

तुमच्याच उदाहरणातली लेव्हल वाढण्याची पद्धत बघा. मॉरोविंडमध्ये लेव्हल वाढली की तीन गुण निवडून वाढवायचे. त्या गुणाखालची कौशल्यं मधल्या काळात १० वेळा वाढली असतील तर तो गुण ५ ने वाढतो, ५ ते ७ वेळा वाढली असतील तर ३ नेच. परिणाम काय? लोक कागद-पेन्सिल घेऊन कौशल्यं किती वेळा वाढली ते मोजत बसायचे आणि पाच भरावेत म्हणून नको असलेली कामं करत राहायचे. ही हिशेबाची वही झाली. यात निर्णय कुठे आहे?

दशमान

सोंगटी यांचा मुद्दा लेव्हलपुरता बरोबर आहे, पण त्याच गेममधला लढाईचा हिशेब बघितला तर खोली दिसते. वार लागण्याची शक्यता अशी निघते:

शस्त्राचं कौशल्य + चपळाईचा पाचवा भाग + नशिबाचा दहावा भाग. या बेरजेला दमाने गुणायचं. दम पूर्ण भरलेला असेल तर १.२५ ने, पूर्ण संपलेला असेल तर ०.७५ ने. त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता वजा करायची. ती त्याच्या चपळाई, नशीब आणि दमावरून अशीच निघते.

कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४० धरा. बेरीज ४२. ताजेतवाने असाल तर ५२.५, धापा टाकत असाल तर ३१.५. समोरचाही तसाच आणि दम भरलेला असेल तर त्याचे १५ वजा. म्हणजे ३७.५ टक्के विरुद्ध १६.५ टक्के. तोच माणूस, तेच शस्त्र, पण लागणारे वार निम्म्याहून कमी.

आणि या गेममध्ये पळण्याने दम खर्च होतो. त्यामुळे 'पळत जायचं की चालत' हा साधा प्रश्नसुद्धा लढाईचा निर्णय होतो. नियम एकच, पण तो प्रवास आणि लढाई दोन्हीला बांधलेला आहे. खोली इथे आहे, २७ च्या आकड्यात नाही.

खडू

म्हणजे पळत जाऊन तलवार फिरवायची आणि "वार लागतच नाहीत, गेम बिघडलाय" म्हणायचं, या तक्रारीचं मूळ हे आहे तर! वाचनखूण साठवली.

पाचवी फेरी

थोडं आणखी मागे जाऊ या. पॅक-मॅन (१९८०). चार भुतं, एक चक्रव्यूह, एक दांडी. वरवर पाहता भुतं नुसती मागे लागतात. प्रत्यक्षात चौघांचे नियम वेगळे आहेत.

लाल ब्लिंकी तुम्ही ज्या चौकटीत आहात तिच्यावर नेम धरतो. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या चौकटीवर. निळा इंकी तुमच्या पुढची दुसरी चौकट घेतो, ब्लिंकीपासून तिथपर्यंत रेघ ओढतो आणि ती दुप्पट लांब करून तिच्या टोकावर नेम धरतो. केशरी क्लाइड आठ चौकटींपेक्षा लांब असेल तर तुमच्यावर येतो, जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे वळतो. पहिल्या लेव्हलला ७ सेकंद पांगणं आणि २० सेकंद पाठलाग असं सुरू होतं.

गंमत म्हणजे यात एक बगही आहे. तुमचं तोंड वर असताना पिंकीचा नेम चार चौकटी वर आणि चार चौकटी डावीकडे असा सरकतो. मुरलेले खेळाडू याचा उपयोग करून घेतात. ठराविक वाटेने गेलं की भुतंही ठराविकच वागतात, म्हणून पूर्ण लेव्हलच्या वाटा पाठ करता येतात. चार ओळींत मावतील इतके नियम, आणि त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं काढली.

मधली फळी

जुन्या गेमची खोली म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं अपघाताने आलेलं आहे, हे मान्य करायला हवं. स्ट्रीट फायटर २ मधले (१९९१) कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून मारलेले वार, ठरवून केलेले नव्हते. क्वेकमधलं (१९९६) तिरकं उड्या मारत वेग वाढवणं हा गतीच्या गणितातला दोष होता.

स्टारक्राफ्ट (१९९८) घ्या. एका वेळी १२ च सैनिक निवडता येतात. इमारती एकेक करूनच निवडायच्या. नवा कामगार तयार झाला की त्याला हाताने खाणीवर पाठवायचं, नाहीतर तो तिथेच उभा. या अडचणीतूनच कौशल्य जन्माला आलं. उडणारे म्युटालिस्क एकमेकांवर रचून एका ठिपक्यासारखे उडवायचे असतील तर ११ म्युटालिस्क आणि बारावा म्हणून लांब कुठेतरी असलेला एक ओव्हरलॉर्ड (त्याच सैन्यातला संथ उडणारा प्राणी) असा गट बांधतात. गटातला एक जण खूप दूर असला की गेम त्यांना रांगेत ठेवायचा प्रयत्न सोडतो आणि सगळे एकाच बिंदूकडे झेपावतात. मग अकरा जणांचा मारा एकाच वेळी एकाच सैनिकावर होतो आणि शत्रूला कोणता म्युटालिस्क जखमी आहे ते ओळखता येत नाही. हे कुठल्या माहितीपुस्तिकेत नव्हतं.

स्टारक्राफ्ट २ मध्ये (२०१०) १२ ची मर्यादा गेली, कामगार आपोआप खाणीवर जाऊ लागले. लक्ष देण्याचं काम कमी झालं, म्हणून राणीकडून अळ्या (ज्यांतून नवे सैनिक तयार होतात) वाढवणं, इमारतीचा वेग वाढवणं अशी नवी कामं मुद्दाम घालावी लागली. यातला कुठला गेम जास्त खोल? मला दोन्ही वाटतात. पहिल्यात खोली हातात आहे, दुसऱ्यात डोक्यात जास्त.

कोरा नकाशा

मधली फळी, म्युटालिस्कचं उदाहरण फार चांगलं. पण मग एक प्रश्न पडतो. कामगाराला हाताने पाठवणं ही मेहनत आहे की खोली? तिथे 'पाठवू की नको' असा निर्णयच नाही, पाठवायचंच असतं.

मधली फळी

निर्णय आहे, फक्त एक पायरी वर. लढाई सुरू असताना कामगाराकडे बघायला एक सेकंद गेला तर तो लढाईतून गेला. लक्ष हाच खर्च आहे आणि तो कुठे करायचा हे दर क्षणी ठरवावं लागतं. पैशाइतकाच तोही गेममधला साठा समजा.

निळा पतंग

इथे सगळे निवडक रत्नं दाखवताहेत. जुन्या काळातला कचरा कुणी आठवत नाही. १९८२ चा ई.टी. (त्याच नावाच्या चित्रपटावरचा गेम) साधारण पाच आठवड्यांत उरकला होता. अशा गेम्सची तुलना कुणी आजच्या गेमशी करत नाही. तुलना नेहमी जुन्यातलं सर्वोत्तम आणि नव्यातलं सरासरी यांची होते.

शिवाय 'खोली' या नावाखाली निव्वळ अडवणूकही खपवली जाते. किंग्ज क्वेस्ट ५ मध्ये (१९९०) एक 'पाय' (इंग्रजीतला pie, खायचा गोड पदार्थ) मिळतो. भूक लागल्यावर तो खाल्ला तर गेम काही बोलत नाही. पुढे बर्फात एक यती आडवा येतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला तोच पाय लागतो! तो नसेल तर तिथेच खेळ खल्लास, आणि उपयोगी सेव्ह कुठला हेही कळत नाही. तसंच उंदराचं. मांजर उंदराच्या मागे लागलेलं क्षणभर दिसतं, तेव्हा जवळची योग्य वस्तू फेकून त्याला वाचवलं नाही तर बऱ्याच वेळाने तुम्ही बांधून पडाल आणि दोर कुरतडायला कुणी येणार नाही. यात विचार करण्याजोगं काय आहे? आधी हरायचं, मग मागे जायचं, एवढंच.

अशा बंद गल्ल्या नव्या गेम्सनी काढून टाकल्या, त्याला मी सुधारणा म्हणेन.

सोंगटी

+१. खोल निर्णयाची माझी कसोटी: हरल्यावर "मी काय वेगळं करायला हवं होतं" हे त्याच प्रसंगातल्या माहितीवरून कळलं पाहिजे. पायच्या कोड्यात ते कळत नाही. दशमान यांच्या दमाच्या हिशेबात कळतं, कारण दमाची पट्टी पडद्यावर समोर असते.

रात्रपाळी

अवांतर, पण टेट्रिसशिवाय हा धागा अपुरा राहील.

१९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या लेव्हलला तुकडा दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर नव्या चित्राला) एक ओळ खाली येतो, सेकंदाला साधारण ६० फ्रेम. पटाची उंची २० ओळी. बटण दाबून धरलं तर तुकडा एकदा सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो आणि पुढे दर ६ फ्रेमला एक घर. हिशेब करा: २० फ्रेममध्ये दोनच घरं. कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणून २९ ही शेवटची लेव्हल असं मानलं जायचं.

मग लोकांनी बटण दाबून धरणं सोडून अंगठा थरथरवत सेकंदाला दहाहून जास्त वेळा टिचक्या मारायला सुरुवात केली. त्यानंतर आणखी वेगळी पद्धत आली: अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी एकामागून एक वाजवायची. प्रत्येक बोटाच्या ठोक्याने बटण अंगठ्यावर आदळतं. डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या लेव्हलपर्यंत जाऊन तो गेम गोठवला. गेम आला त्यानंतर ३४ वर्षांनी!

आता नव्याकडे. जुन्यात पुढचा तुकडा जवळपास निव्वळ नशिबाने येतो. मागचाच तुकडा पुन्हा निघाला तर एकदाच परत फासा टाकतात, बस. त्यामुळे उभी दांडी कितीही वेळ येत नाही. आधुनिक टेट्रिसमध्ये सातही तुकडे एका पिशवीत घालून एकेक काढतात, पिशवी संपली की नवी. दोन दांड्यांमध्ये जास्तीत जास्त १२ तुकडे येऊ शकतात. त्यात एक तुकडा बाजूला राखून ठेवायची सोय आणि वळवताना भिंतीला अडला तर सरकून बसण्याची सोय. सोपं वाटतं, पण त्यामुळेच दहा-दहा तुकड्यांचे बेत आधीपासून रचता येतात. जुन्यात तयारी अनिश्चिततेची, नव्यात आखणीची. मला या दोहोंत उतरंड लावता येत नाही.

तांबडा फटाका

नव्या गेम्समध्ये खोली नाही म्हणणाऱ्यांनी फॅक्टोरिओ (कारखाना उभारायचा गेम, पूर्ण आवृत्ती २०२०) उघडून बघावा.

हिरव्या सर्किटला अर्ध्या सेकंदात १ लोखंडी पत्रा आणि ३ तांब्याच्या तारा लागतात. तारेचं यंत्र अर्ध्या सेकंदात २ तारा देतं. म्हणून तारेची ३ यंत्रं आणि सर्किटची २, हे प्रमाण. नवशिके हमखास चुकतात ते तारा पट्ट्यावर टाकून. पत्र्याच्या तिप्पट तारा लागतात, पट्टा तुंबतो आणि सर्किटची यंत्रं उपाशी राहतात. उपाय: तारेचं यंत्र सर्किटच्या यंत्राला लागून ठेवायचं आणि मधल्या यांत्रिक हाताने तारा थेट आत टाकायच्या. पट्ट्यावर फक्त पत्रे.

तसाच भट्ट्यांचा हिशेब. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग वाहतो. दगडी भट्टीला एका पत्र्याला ३.२ सेकंद लागतात. १५ गुणिले ३.२ म्हणजे ४८ भट्ट्या. पन्नासावी लावली तरी तिला खनिज मिळत नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) बघा. धातूवर वीज पडते, गवत पेटतं, आगीने हवा वर उसळते. या तिन्हींचा वापर कसा करायचा हे तुमच्यावर. वादळात धातूची तलवार शत्रूंच्या पायाशी फेकली की पुढचं काम वीज करते. गवत पेटवून त्या झोतावर पॅराग्लायडर उघडला की उंचावरून बाण मारता येतात. कोडं एक, उत्तरं कितीतरी.

आऊटर वाइल्ड्स (२०१९) तर शस्त्र, पैसा, लेव्हल काहीच वाढवत नाही. २२ मिनिटांचं चक्र पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. याहून जास्त सांगणार नाही, कारण सांगितलं की गेमच संपला.

अनामिका आणि वही

तांबडा फटाका, ही उदाहरणं पटली. पण मूळ तक्रार बहुधा मोठ्या खर्चाच्या गेम्सबद्दल आहे आणि तिथे ती रास्त आहे. कारण नीट समजून घेऊ या.

मॉरोविंडमधलं बहुतेक बोलणं मजकुराच्या रूपात होतं. एक परिच्छेद वाढवायचा म्हणजे लेखकाचा थोडा वेळ. ऑब्लिव्हियनपासून सगळं बोलून दाखवायचं ठरलं. आता प्रत्येक वाक्याला कलाकार, ध्वनिमुद्रण, ओठांची हालचाल, शिवाय दुसऱ्या भाषांतली आवृत्ती. मग "पूल ओलांड, फाट्यावर वळ" हे वर्णन परवडत नाही. त्याजागी नुसतं "तिथे जा" आणि नकाशावर खूण.

म्हणूनच सेटिंगमध्ये जाऊन खुणा बंद केल्या तरी जुना अनुभव मिळत नाही. माहिती संवादातूनच काढून टाकलेली असते. खूण बंद केली की गेम खोल होत नाही, आंधळा होतो. असॅसिन्स क्रीड ओडिसीने (२०१८) वेगळा पर्याय दिला होता, त्यात ठिकाणाची खूण न देता अमुक प्रांतात, तमुक डोंगराच्या दक्षिणेला असे दुवे मिळतात. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं, पण ते लिहून घ्यावं लागतं.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) हा अपवाद. पूर्ण आवाज आणि तरीही भरपूर फाटे. पण तो ऑक्टोबर २०२० पासून अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती होता, जवळजवळ तीन वर्षं. इतका वेळ सगळ्यांना मिळत नाही.

पाचवी फेरी

यात अवघडपणाचीही भर घालतो. थीफ या लपूनछपून चोरी करायच्या गेममध्ये (१९९८) वरची पातळी निवडली की उद्दिष्टंच बदलतात. जास्त लूट, आणखी एक काम, आणि सर्वांत वरच्या पातळीला माणूस मारायचा नाही. मग फरशीवर पाऊल वाजतं म्हणून गालिच्यावरून जायचं, गालिचा नसेल तिथे शेवाळाचा बाण मारायचा, मशाल पाण्याच्या बाणाने विझवायची, हे सगळं गरजेचं होतं. आजच्या कितीतरी गेम्समध्ये पातळी वाढवली की शत्रूचं आयुष्य दुप्पट होतं आणि तेच बटण दुप्पट वेळा दाबायचं.

खडू

आणि रोजची कामं, हंगामी पास, आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या पेट्या? त्यांचं काय? तिथे गेम तुम्हाला खोलात नेत नाही, रोज दारात बोलावतो. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात धरल्या, ते योग्यच केलं.

निळा पतंग

तो धंद्याचा भाग आहे, रचनेचा वेगळा. डोटा २ सारख्या फुकट गेममध्येही जंगलातल्या प्राण्यांना मिनिट संपायच्या सहा-सात सेकंद आधी बाहेर ओढलं की त्यांची जागा रिकामी दिसते आणि मिनिटाला दुसरी टोळी जन्म घेते. एका जागी दोन टोळ्यांचं सोनं. दुकान वरवर कितीही झगमगीत असलं तरी आतला खेळ खोल असू शकतो.

खडू, जुन्या आर्केडमध्येही दर तीन मिनिटांनी नाणं मागायचेच की.

दशमान

जुने गेम आज खेळणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण चुकीच्या सेटिंगने खेळून "हे काही खास नाही" म्हणणारे खूप आहेत.

डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) काही गेम वाऱ्यासारखे पळतात, कारण त्यांचा वेग प्रोसेसरला बांधलेला असतो. कंट्रोल आणि एफ११ ने सायकल (म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग) कमी होतात, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतात. गेम रेंगाळायला लागला तर वाढवा, आवाज तुटायला किंवा माणसं पळायला लागली तर कमी करा.

दुसरं, ३२० बाय २०० चं चित्र तेव्हा ४:३ पडद्यावर ताणून दिसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. कॉन्फिग फाइलमध्ये ॲस्पेक्ट ट्रू केलं नाही तर वर्तुळं चपटी आणि माणसं बुटकी दिसतात.

मॉरोविंडसाठी ओपनएमडब्ल्यू (तो गेम आजच्या संगणकांवर चालवणारं मोफत इंजिन) वापरा. मूळ गेमच्या फाइल मात्र तुमच्याकडे असायला हव्यात.

कोरा नकाशा

इतक्या चांगल्या प्रतिसादांनंतर माझं विधान दुरुस्त करतो. खोली कमी झालेली नाही, तिची जागा बदलली. ती लहान चमूंच्या गेम्समध्ये आणि स्पर्धेच्या गेम्समध्ये आहे. मोठ्या खर्चाच्या कथाप्रधान गेम्समध्ये ती कमी झाली, हे मात्र मी सोडत नाही, आणि अनामिका यांनी त्याचं कारणही दिलं. सोंगटी यांची कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटली.

तिसरी घंटा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मॉरोविंड पहिल्यांदाच सुरू करायचा आहे. दशमान, त्या सूत्राप्रमाणे सुरुवात कशी करावी?

दशमान

रेडगार्ड वंश घ्या, लढाईचा कल निवडा आणि लांब पातं हे मुख्य कौशल्य ठेवा. मुख्य म्हणून ३०, कल म्हणून ५, वंशाचे १५, एकूण ५०. चपळाई-नशिबाचे १२ मिळवा, ६२. दम भरलेला असताना ७७.५. जन्मरास वॉरियर घेतलीत तर वर सरळ १०.

नवशिक्यांचं गणित बिघडतं ते सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर मिळणाऱ्या लोखंडी सुऱ्याने. तो छोट्या पात्यात मोडतो, आणि ते कौशल्य या पात्राचं फक्त १०. तोच हिशेब २७.५ वर येतो, धावून दमला असाल तर १६.५. सुरा उचला, पण विकायला. त्या पैशांत भर घालून दुकानातून साधी लांब तलवार घ्या, आणि शत्रू दिसला की पळणं बंद करून चालत जा.

तिसरी घंटा

धन्यवाद! ५० की ५५, दोनदा मोजलं. ५० च येतात.